रोग रेड्याला, औषध पखालीला

जुनी घर-गाडी घेणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या बंधूंसाठी

मराठीत एक म्हण आहे : रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आजारी पडला आहे रेडा, आणि माणूस मलम लावतो आहे त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पखालीला. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे ही म्हण आम्हाला बाजारात उतरल्यावर कानी पडली. तिचा खरा अर्थ मात्र एक जुनी गाडी विकत घेतल्यावरच कळला.

आमचा धंदा सोलापुरी चादर, टॉवेल आणि लुंगीचा. वर्षातले चार-पाच महिने प्रदर्शने आणि जत्रांत जातात. आज सांगली, परवा रत्नागिरी, पुढच्या आठवड्यात नगर. माल ट्रान्सपोर्टने येतो, माणसांना मात्र राहायला लॉज लागते आणि हंगामात लॉजवाला मागेल तो भाव द्यावा लागतो. म्हणून २०२२ च्या मे महिन्यात आम्ही एक जुनी घर-गाडी घेतली. २०१० सालची डिझेल गाडी. एका हौशी गृहस्थांनी तिच्यातल्या सीटा काढून दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, पंखा, दिवे आणि छोटा फ्रीज बसवून घेतला होता. आजकाल हिला कॅराव्हॅन म्हणतात. बाहेरून रंग झकास, आत गादीला नवे कापड. आम्ही कापडवाले, कापडावरच भुललो.

पुढच्या वर्षभरात त्या गाडीने आम्हाला तीन धडे दिले. तिन्हींची फी आम्ही भरली. वाचक बंधूंना ती भरावी लागू नये म्हणून हे लिहीत आहोत.

पहिला धडा : बॅटरी

रात्री गाडी मैदानात उभी करावी, पंखा लावून झोपावे आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसता टकटक आवाज. धक्का मारल्याशिवाय गाडी चालू होईना. पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितले, "सेठ, बॅटरी गेली." ८,४०० रुपयांची नवी बॅटरी घातली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या गावातला म्हणाला, "डायनामो चार्ज करत नाही." अल्टरनेटर उघडून दुरुस्त केला, ३,८०० रुपये. पंधरा दिवसांनी पुन्हा धक्का. तिसऱ्याने सेल्फ बदलला, ५,२०० रुपये. तीन कारागीर झाले, १७,४०० रुपये गेले आणि रोग होता तिथेच राहिला.

शेवटी सांगलीत एका वयस्क वायरमनकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारला : "चाचा, दिवसभर गाडी चालवून रात्री पंखा न लावता उभी केली, तर सकाळी चालू होते का?" आम्ही आठवून पाहिले. होत होती! हा प्रश्न त्या आधी आम्हाला कोणीही विचारला नव्हता.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, ती सेल्फ फिरवते. दुसरी घराची, तिच्यावर पंखा, दिवे, पाण्याचा पंप चालतो. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज व्हाव्यात आणि इंजिन बंद झाले की दोघी वेगळ्या व्हाव्यात, म्हणून मध्ये एक रिले बसवलेला असतो. वायरमनने इंजिन बंद ठेवून इंजिनाच्या बॅटरीला मीटर लावला आणि भाच्याला आतला पंखा आणि दिवे लावायला सांगितले. काटा लगेच खाली आला. घराचा पंखा इंजिनाच्या बॅटरीवर चालत होता! रिलेचे आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते. दोन्ही बॅटऱ्या रात्रभर एकत्र उपसल्या जात होत्या. पंखा, दिवे आणि फ्रीज मिळून सरासरी दहा अँपिअर जरी ओढत असले, तरी दहा तासांत १०० अँपिअर-तास जातात. मग सेल्फला उरणार काय? नवा रिले ४५० रुपये, मजुरी ३०० रुपये. एकूण ७५०.

दुसरा धडा : छत

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर कोकणात प्रदर्शन होते. मागच्या पलंगावर पाण्याचे थेंब पडतात हे आम्ही पावसाळ्यातच पाहिले होते. जिथे थेंब पडे, त्याच्या बरोबर वर छतावर तीन वेळा सीलंट थापून घेतले होते. एका संध्याकाळी आभाळ भरून आले, मंडपाच्या कापडावर आमचा विश्वास नव्हता, म्हणून उरलेला माल रात्रीपुरता गाडीत आणून ठेवला. सकाळी ४२ चादरी भिजलेल्या. गडद लाल रंग पांढऱ्या पट्ट्यावर उतरलेला. असा माल कोणी घेत नाही. २३,००० रुपयांच्या आसपास तोटा झाला. मंडपात ठेवलेला शेजाऱ्याचा माल कोरडा होता, हे विशेष.

नंतर एका बॉडी बांधणाऱ्या कारागिराने छताचा रोग शोधला. त्याची रीत सोपी होती. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी धरायची. पाणी एकदम छतावर सोडायचे नाही. आधी खालचा भाग, मग खिडक्या, मग वरची कड, मग छत. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा मिनिटे थांबायचे. घाईने सगळीकडे पाणी मारले तर कोठून शिरले ते कळत नाही. पाणी शिरत होते पुढच्या बाजूला, सामान ठेवण्याच्या कॅरिअरच्या एका बोल्टातून. तिथून ते छताच्या पत्र्याच्या आणि आतल्या प्लायच्या मधून घरंगळत मागे जात होते आणि पलंगावर टपकत होते. थेंब पडतो एकीकडे आणि भोक असते दुसरीकडे. तीन वेळा लावलेले सीलंट चुकीच्या जागी होते. वर एक अडचण अशी, की सिलिकॉनचा जुना थर पूर्ण खरवडून काढल्याशिवाय त्यावर नवा थर धरत नाही.

तिसरा धडा : घाट

पहिले दोन धडे पैशाचे होते. तिसरा जिवाचा होता.

२०२३ च्या फेब्रुवारीत आंबा घाट उतरताना ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले आणि एका वळणावर तळालाच गेले. भाचा गाडी चालवत होता. त्याने गिअर खाली घेत, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झाले. खाली एका गॅरेजात ब्रेकचे लायनर बदलून घेतले. परतल्यावर कोल्हापुरात एका जुन्या मिस्त्रींना हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले?" आम्हाला माहीत नव्हते. बाटलीतले तेल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा शोषलेले तेल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने चाके तापतात, तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा दाब बुडबुड्यांतच जिरतो. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा तेल होते आणि पेडल ठीक लागते. म्हणून हा रोग सपाट रस्त्यावर, गॅरेजच्या दारात कधीच सापडत नाही. दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे. एवढी साधी गोष्ट आहे.

मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आम्हाला वजनकाट्यावर पाठवले. नोंदणी पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा गाडी तीनशे किलोने जड भरली! आधीच्या मालकाने ओट्यावर चक्क कडप्पा बसवला होता आणि कपाटे जाड प्लायची होती. त्यात दोनशे लिटरची टाकी आम्ही काठोकाठ भरून नेत होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, दोनशे लिटर म्हणजे दोन क्विंटल. चादरीचा गठ्ठा उचलताना वजन विचारणारे आम्ही, पाण्याचे वजन विसरलो. आता कडप्पा काढला आहे, एक कपाट उतरवले आहे आणि टाकीत पन्नास लिटरच्या वर पाणी घेत नाही.

दोष कोणाचा?

हे सारे वाचून कोणी म्हणेल, गॅरेजवाले लबाड. आम्ही तसे म्हणणार नाही. आमचे मत वेगळे आहे आणि ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

सांगलीच्या त्या वायरमनना आम्ही विचारले, इतरांनी मीटर का लावला नाही? ते हसले. म्हणाले, "चाचा, मीटर लावायचे पैसे कोण देतो? गिऱ्हाईक म्हणते, नुसते बघितलेस तर, त्याचे कसले पैसे? बॅटरी विकली की दोन पैसे सुटतात." आम्हाला आमचीच गोष्ट आठवली. पहिल्या गॅरेजवाल्याने दोन तास गाडी ठेवून जा, तपासून सांगतो, असे म्हटले होते. आम्हीच म्हणालो होतो, वेळ नाही, काय बदलायचे ते बदलून दे.

खरा रोग इथे आहे. आपण पार्टचे पैसे देतो, अक्कलेचे देत नाही. बॅटरीचे ८,४०० रुपये आम्ही कुरकुर न करता मोजले, कारण हातात वस्तू आली. दोष शोधण्याचे ३०० रुपये मागितले असते तर घासाघीस केली असती. मग कारागीर काय करणार? तो अंदाजाने पार्ट बदलतो. अंदाज बरोबर निघाला तर उस्ताद, चुकला तर दुसरा पार्ट. दोन्ही वेळा पैसे गिऱ्हाइकाचेच जातात.

आपल्या धंद्यात आपण असे करतो का? कापडात रेघ दिसली तर माग बदलत नाही. आधी भिंग लावून पाहतो, रेघ उभी आहे की आडवी. उभी असेल तर दोष ताण्याकडे, फणीकडे शोधायचा. आडवी असेल तर बाण्याकडे, धोट्याकडे किंवा कापड गुंडाळणाऱ्या भागाकडे. अर्धा शोध तिथेच संपतो. मागाला जो न्याय, तोच गाडीला का नको?

म्हणून आमचे म्हणणे असे. गिऱ्हाइकाने निदानाची मजुरी वेगळी द्यावी, आनंदाने द्यावी. आणि कारागिराने ती उघडपणे मागावी : "तपासणीचे इतके. दोष सापडला तर दुरुस्तीचे वेगळे. नाही सापडला तर तसे सांगेन, पार्ट विकणार नाही." पार्ट बदलण्याआधी तो खराब आहे हे दाखवावे आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. तारीख, किलोमीटर, काय सापडले आणि काय बदलले, हे चार ओळींत लिहून द्यावे. आमच्याकडे अशी एक वही असती तर दुसऱ्या गॅरेजवाल्याला कळले असते की बॅटरी नवी आहे, आणि तिसऱ्याने अल्टरनेटरचाही विचार सोडून पुढे पाहिले असते. आता आम्ही स्वतः वही ठेवतो.

विकणाऱ्यांनाही एक शब्द. ऐब लपवून माल विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. छत गळते हे त्या गृहस्थांना नक्की माहीत होते, कारण मागच्या पलंगावरची प्लाय त्यांनी नुकतीच बदलली होती. त्यांनी सांगितले असते तर आम्ही पाच-दहा हजार कमी दिले असते, पण गाडी घेतली असती. आणि चादरी वाचल्या असत्या.

घेण्याआधी काय पाहावे

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे, त्यांनी निदान एवढे तरी करावे.

गाडी सकाळी, थंड इंजिनावर पाहावी. मालकाला आधी सांगावे की इंजिन तापवून ठेवू नका. धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : आधी एअर फिल्टर पाहावा, मग इंजेक्टर. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, हा मोठा खर्च. पांढरा धूर तापल्यावरही जात नसेल तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा रेडिएटरचे पाणी आत शिरते आहे. चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा असू शकते. हातपंपाने ती काढून, नळ्यांचे जोड पाहिल्याशिवाय पंप उघडू देऊ नये.

साधा मीटर सोबत न्यावा, तो चार-पाचशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ असेल तर निम्मी, १२ च्या खाली रिकामीच समजावी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक. या तीन आकड्यांनी आमचे १७,००० वाचले असते.

टायरची नुसती नक्षी पाहू नये. घर-गाडी धावते कमी आणि उभी राहते जास्त, म्हणून टायर झिजत नाही, वाळतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. बाजूला बारीक चिरा असतील तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

आत शिरल्यावर आधी वास घ्यावा. कुबट वास म्हणजे पाणी. कोपऱ्यातली प्लाय अंगठ्याने दाबून पाहावी, मऊ लागली तर आत कुजलेली आहे. नळ बंद असताना पाण्याचा पंप मधूनमधून आपोआप चालू होत असेल तर कुठेतरी गळती आहे.

गॅसच्या बाबतीत तडजोड नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीवर साठतो. म्हणून टाकी वेगळ्या कप्प्यात, तळाला बाहेर जाणारी जाळी ठेवून बसवलेली हवी. जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी पेटवून कधीही नाही. रबरी नळीवरची तारीख पाहावी. थंडीत ऊब म्हणून शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून बंद गाडीत झोपू नये. त्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

प्रत्येक बॅटरीच्या जवळच फ्यूज असावा. लांब आणि बारीक वायर तापते. आपल्या मालात सूत आहे, गादीत कापूस आहे, एक ठिणगी पुरे.

कागद शेवटी, पण विसरू नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या वर्णनाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय गाडीत करता येत नाही. सीटा काढून पलंग घातला असेल तर ते पुस्तकात चढले आहे का, ते पाहावे. चढले नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हरकत घेऊ शकते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण तपासणी करून होते. पंधराव्या वर्षाजवळ आलेली गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर त्यात आहे.

कारागीर बंधूंसाठी संधी

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळ आज ना उद्या जुन्या होऊन बाजारात येतील. त्यांना नुसता मेकॅनिक पुरत नाही. वायरमन, डेंटर, वेल्डर, सुतार, प्लंबर, गादी-कव्हरवाला, सगळे लागतात. हे सगळे हुन्नर आपल्या मोहल्ल्यांत, एकाच गल्लीत सापडतात. पण प्रत्येक जण आपापल्या टपरीत. सुताराला वायरिंग माहीत नाही, म्हणून तो वायरमध्ये खिळा ठोकतो. वायरमन छताला भोक पाडतो आणि बुजवत नाही. चार जणांनी एकत्र बसून एक गाडी एकत्र तपासली, एकच कागद आणि एकच हिशेब दिला, तर गिऱ्हाईक दूरवरून येईल. सांगलीच्या त्या वायरमनकडे आम्ही आजवर सहा गिऱ्हाइके पाठवली आहेत. त्यांनी आमच्याकडून ३०० रुपयेच घेतले होते.

आमची गाडी आजही चालते. २०२५ साली तिची पंधरा वर्षे भरली, तपासणी होऊन नूतनीकरण झाले. छत गळत नाही, सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते आणि घाटाच्या माथ्यावर आम्ही दहा मिनिटे थांबून पेडल दाबून पाहतो. ती विकायची वेळ येईल तेव्हा वही तिच्यासोबत जाईल. तिच्या पहिल्या पानावर आम्ही लिहून ठेवले आहे : छत पूर्वी पुढच्या बोल्टातून गळत होते, दर पावसाळ्याआधी पाहावे.